कोपराचं मूल

आइसलँडिक शब्दकोशाचं काम ‘ओ’ या अक्षरापाशी येऊन पोचलं, त्या सोमवारी सकाळी ईस्लेव्हूरने ‘कोपर’ या शब्दाच्या चिठ्ठ्यांचा खण ईदुनला देऊन टाकला आणि स्टेनवरच्या पदरात चीज घातलं.

आइसलँडिक भाषेत चीजचाही शब्द ‘ओ’नेच सुरू होतो, त्यामुळे वरवर पाहता यात वावगं काही नव्हतं. ईस्लेव्हूर कार्यालयाचा प्रमुख, स्वभावाने मऊ. कुणाला दुखवायची वेळ आली की तो आधी शिंगाच्या डबीतली तपकीर हाताच्या पाठीवर घ्यायचा, ओढायचा, नाक पुसायचा आणि मग बोलायचा. त्या दिवशी त्याने दोनदा तपकीर ओढली. म्हणाला, “चीजचं काम तुझ्याइतकं निगुतीनं दुसरं कोण करणार, स्टेनवर?”

स्टेनवरला तेवीस वर्षं झाली होती त्या कार्यालयात. रेक्याविकच्या त्या दोन खोल्यांत भिंतभर लाकडी खण होते, आणि खणांत हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द आणि तो कुणी, कुठे, कसा वापरला याचं एक वाक्य. कोपराच्या खणात चारशे बारा चिठ्ठ्या होत्या आणि त्यांतल्या तीनशेहून अधिक स्टेनवरच्या अक्षरातल्या. हा शब्द आपल्यालाच मिळणार हे तिने धरून चाललं होतं. ईस्लेव्हूरही दोन-तीन वेळा तसं बोलला होता. आता कळलं, तो तिच्या कोपराला गूळ लावत होता.

ईदुन सत्तावीस वर्षांची होती. कोपनहेगनला भाषाशास्त्र शिकून शरद ऋतूत परतली होती. लाल स्वेटर घालायची, जिना दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची आणि येईल त्याच्याशी बोलायची. कोपराचा शब्द हातात पडल्यावर तिने त्याच दुपारी फळ्यावर त्याचं सगळं गणगोत मांडलं. ओल्नबोगी. त्यातला ‘ओल्न’ म्हणजे कोपरापासून पुढचा हात, ‘बोगी’ म्हणजे बाक. लॅटिनमध्ये याच ‘ओल्न’ची बहीण आहे, ग्रीकमध्ये आहे, आणि तिकडे दूर संस्कृतात ‘अरत्नी’ आहे, त्याचाही अर्थ कोपर आणि कोपराइतकं माप. जुन्या काळी इथेही कापड हातावर मोजत, म्हणून याच शब्दातून मापाचं नाव निघालं. ईस्लेव्हूर खडूची धूळ अंगावर घेत कौतुकाने बघत राहिला. स्टेनवर चीजच्या चिठ्ठ्या लावत होती. तिला हे सगळं ठाऊक होतं. फक्त आजवर कुणी तिच्या हातात खडू दिला नव्हता.

तिने त्या मुलीला मनातल्या मनात कोपरापासून नमस्कार केला आणि ठरवलं की हिच्या वाटेला जायचं नाही.

पण पुढच्याच महिन्यात वाट आडवी आली. कार्यालयाचा रेडिओवर दर बुधवारी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम असे. त्यात श्रोत्यांना शब्द विचारायचे आणि श्रोत्यांनी पत्रांतून कळवायचे. इतकी वर्षं तो ईस्लेव्हूर करायचा. आता ईदुन करू लागली. तिने कोपराबद्दल विचारलं. कोपराने मारलेली ढुशी, कोपर हलवायला लागणारी मोकळी जागा, आणि खास करून ‘कोपराचं मूल’. म्हणजे घरातलं नावडतं, मागे पडलेलं मूल. हा शब्द तुमच्याकडे कसा वापरत आणि कोपराचाच का, एवढं कळवा, असं ती हसऱ्या आवाजात म्हणाली.

आठवडाभरात पत्रांचा ढीग आला. ईदुन कॉफी पिताना एकेक पत्र मोठ्याने वाचायची. गुरुवारी तिने एक निळसर पाकीट फोडलं आणि म्हणाली, “हे बघा, उत्तरेकडून, स्कागाफ्योर्दवरून. काय सुंदर लिहिलंय.”

स्टेनवरने लांबूनच अक्षर ओळखलं. तिच्या आईचं होतं.

आईने त्या पत्रात चार पानं लिहिली होती. दर नाताळला स्टेनवरला दोन ओळींचं कार्ड यायचं, त्यातली एक ओळ हवामानाची. आणि इथे चार पानं. लोकर हातावर कशी गुंडाळायची, कापड मोजताना बाया कोपर टेबलाच्या काठाला कशा टेकवत, कुणाचा हात आखूड म्हणून तिच्याकडून कापड घेताना लोक कसे कुरकुरत. शेवटी, आणखी पुष्कळ सांगण्यासारखं आहे, कुणी यंत्र घेऊन आलं तर बरं, असं. खाली सही, थुरीदूर, क्वामकोट.

स्टेनवर बापाच्या नावाने ओळखली जायची. आईच्या नावाशी तिचा कागदावर काहीच संबंध दिसत नव्हता. ही माझी आई, एवढं बोलायला तिला एक क्षण पुरला असता. ती बोलली नाही. बोलली असती तर सगळ्यांनी तिच्याकडे वळून विचारलं असतं, मग तुझ्याकडे तिची एकही चिठ्ठी कशी नाही?

तशी चिठ्ठी मिळवायचा तिने प्रयत्न केला नव्हता असं नाही. दर उन्हाळ्यात ती दोन दिवस क्वामकोटला, आईच्या शेतघरी, जायची. धाकटी बहीण सोलरून आणि तिचा नवरा शेत चालवत, आई त्यांच्यापाशीच. स्टेनवर वही काढून विचारायची, लोकर पिंजताना अमुक गोष्टीला काय म्हणतेस? आई म्हणायची, “तू शिकलेली. तुला माहीत नसेल ते मला काय माहीत असणार?” आणि उठून मेंढ्यांकडे जायची. सोलरूनशी मात्र ती दिवसभर बोलायची. दाराआडून ऐकलं की कळायचं, एकेका वाक्यात तीन-तीन शब्द कोशात नसलेले. सोलरूनला त्याचं काही नव्हतं.

सोलरूनला आईने घरी ठेवलं होतं आणि स्टेनवरला सातव्या वर्षी मावशीकडे धाडलं होतं. वडील तळ्यावरचा बर्फ फुटून घोड्यासकट बुडाले त्या हिवाळ्यात. स्टेनवर किनाऱ्यावरच्या गावात मावशीच्या घरी वाढली, सोळाव्या वर्षी रेक्याविकला आली. कोपराचं मूल हा शब्द तिने पहिल्यांदा कार्यालयात चिठ्ठीवर लिहिला तेव्हा तिला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागला नाही.

ईदुनने जायचं ठरवलं. निघण्याआधी ती स्टेनवरच्या टेबलाशी आली. म्हाताऱ्या माणसांशी कसं वागायचं, तुम्हाला अनुभव आहे, काहीतरी सांगा, म्हणाली. ती मनापासून विचारत होती.

स्टेनवरला आईचा स्वभाव पुरता ठाऊक होता. रिकाम्या हाताने बसलेलं माणूस तिला डोळ्यांसमोर नको असायचं. स्टेनवर म्हणाली, “त्या बाजूच्या बायकांच्या कामाला हात लावू नकोस. त्यांना तो अपमान वाटतो. नीट बसायचं, वही मांडीवर ठेवायची आणि विचारायचं.”

ईदुनने ते लिहून घेतलं. स्टेनवरला दिवसभर छान वाटलं. रात्री जरा कमी छान वाटलं.

ईदुन दोन दिवसांसाठी गेली आणि पाच दिवसांनी परतली. येताना गळ्यात राखाडी लोकरीचा मफलर होता. तो कुणी विणला हे स्टेनवरला विचारावं लागलं नाही. टाके तिला ओळखू आले. ईदुन सांगत होती, पहिल्या तासाभरात आजी काही बोलेचनात, पण लोकरीची लड धरायला कुणी नव्हतं म्हणून हिने दोन्ही हात पुढे केले, आणि मग पाच दिवस हिचे हात लडीतून सुटलेच नाहीत. “तुमचं सांगणं पाळता आलं नाही हो मला,” ती म्हणाली आणि हसली. पण हसताना तिने स्टेनवरकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

टेप ऐकून त्यावरून चिठ्ठ्या करायचं काम स्टेनवरचं. सहा रिळं होती. ती मागच्या खोलीत बसली, कानांवर हेडफोन चढवले आणि बटण दाबलं.

आधी घड्याळाची टिकटिक. मग भांड्यांचा आवाज. मग आई हसली. स्टेनवरने यंत्र थांबवलं, मागे घेतलं आणि पुन्हा ऐकलं. आई असं हसते हे तिला बावन्नाव्या वर्षी कळत होतं.

आई बोलत होती, थांबतच नव्हती. ईदुनच्या हाताची लांबी टेबलावर मोजत होती आणि म्हणत होती, “बाळ, तुझ्या हाताने कापड मोजलं असतं तर गिऱ्हाईक भांडायला उठलं असतं.” बाळ. स्टेनवरने चिठ्ठीवर ‘गिऱ्हाईक’ लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. पहिल्या तीन रिळांतून तिने साठ चिठ्ठ्या केल्या. एकेक शब्द असा की ईस्लेव्हूर तो खिशात घालून दिवसभर मिरवला असता. हे सगळं तिच्या आईच्या पोटात होतं आणि लाल स्वेटरवाली एक पोरगी पाच दिवसांत काढून घेऊन आली होती.

चौथ्या रिळावर ईदुनने विचारलं, “आजी, कोपराचं मूल म्हणजे कोपराने दूर सारलेलं, असं लोक लिहितात. तुम्हाला काय वाटतं?”

मग आई म्हणाली, “दूर सारलेलं नाही. मांडीवर एक मूल असलं की दुसरं कोपराशी येऊन उभं राहतं. आईला ते तिथे आहे हे लागत असतं, कोपराला. पण हात मोकळा नसतो.”

आणि मग आई हळू, पण यंत्राच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, “माझी मुलगी असतीस ना, तर तुला मी कुठेही जाऊ दिलं नसतं. चूल विझली असती तरी नाही.” त्यानंतर ती म्हणाली की आता ते बंद कर, आणि खट् आवाज होऊन टेप संपली.

स्टेनवर हेडफोन काढून बसली. सात वर्षांच्या पोटच्या पोरीला बर्फातून घोड्यावर बसवून दुसऱ्याच्या दारी धाडणारी बाई पाच दिवसांच्या ओळखीच्या मुलीला हे सांगत होती. तिने रीळ मागे घेतलं. मायक्रोफोनची तार काढली, लाल बटण दाबलं आणि भिंतीवरच्या घड्याळात बारा सेकंद मोजले. आईच्या त्या वाक्याच्या जागी नुसती खरखर राहिली.

तेवीस वर्षांत तिने एक चिठ्ठी फाडली नव्हती. चिठ्ठीवर चूक झाली तरी ती रेघ मारून ठेवायची, कारण पुसलेलं पुन्हा सापडत नाही. हे ती नव्या माणसांना शिकवायची.

पुढच्या मंगळवारी ईस्लेव्हूरच्या खोलीत तिघं टेप ऐकायला बसली. कार्यक्रमात कुठला भाग घ्यायचा ते ठरवायचं होतं. चौथं रीळ लागलं. मांडीवरचं मूल, कोपराशी उभं मूल, हे ऐकून ईस्लेव्हूरने डोळे मिटले आणि मान डोलावली. मग खरखर आली. तो म्हणाला, यंत्र जुनं झालं, नवं मागवायला हवं. ईदुनने स्टेनवरकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

कॉफीच्या वेळी ती स्टेनवरच्या मागोमाग त्या मागच्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

“ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं,” ती म्हणाली.

स्टेनवर टेबलावरची रिळं एकावर एक रचू लागली.

“पहिल्याच संध्याकाळी आजींनी मला विचारलं, या टेपा पुढे कोण ऐकतं? मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगदी सगळं ऐकते का ती? शेवटपर्यंत?’ मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं तुम्ही कोण ते, आणि माझ्याकडून वचन घेतलं की मी बोलायचं नाही. आज मोडलं मी ते.” तिचा आवाज चढला होता. “पत्र लिहिलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, यंत्र घेऊन तुम्ही याल. पाचही दिवस त्या रस्त्याकडे बघत होत्या. शेवटी माझ्यासमोर बसून, माझं निमित्त करून तुमच्याशी बोलल्या, की तुम्हाला जाऊ दिलं ती चूक झाली. आणि तुम्ही ते पुसलंत.”

“मला वाटलं, तुला उद्देशून...”

“मला कशाला म्हणतील? मला आई आहे.”

ती दार उघडून गेली. त्या पोरीचा राग खरा होता, आणि स्टेनवरला अशा वेळीसुद्धा पहिल्यांदा वाटलं ते हेच, की आईने हे हिला आधी सांगितलं.

दुपारी ती ईस्लेव्हूरकडे गेली आणि आपण टेप पुसली एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. त्याने तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच मिटली. वर्षभर तिला टेपांना हात लावू द्यायचा नाही असं त्याने ठरवलं. तिने मान्य केलं. मग तिने आठवड्याची रजा मागितली.

घाटात बर्फ साचल्यामुळे उत्तरेची बस दोन दिवस सुटली नाही. तिसऱ्या दिवशी सुटली. ती क्वामकोटला पोचली तेव्हा सोलरून आणि तिचा नवरा गोठ्यात होते, घरात आई एकटीच. ती स्वयंपाकघरात सुक्या माशाला लोणी लावत होती. स्टेनवरच्या हातात वही नव्हती हे तिने आधी पाहिलं.

“ऐकलंस?” आईने विचारलं.

“ऐकलं. मग पुसून टाकलं. तू ते तिला म्हणतेयस असं वाटलं मला.”

आईने सुरी खाली ठेवली. स्टेनवरला वाटलं, आता ही उठून मेंढ्यांकडे जाणार. पण ती बसून राहिली. तिने विचारलं, पुसलेलं परत आणता येतं का? येत नाही, स्टेनवर म्हणाली.

“मग आता तोंडानं सांगावं लागणार,” आई कुरकुरत म्हणाली. “त्या पोरीसमोर सोपं होतं. तिचे हात लोकरीत अडकलेले, तोंडाकडे बघत नव्हती. तू बघतेस.”

स्टेनवरने कोपऱ्यातली लोकरीची लड उचलली, दोन्ही हातांत अडकवली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. आईने टोक शोधून गुंडाळायला सुरुवात केली. मग सांगितलं, तुटक तुटक. सोलरून त्या हिवाळ्यात छातीने आजारी होती, खोकणारं मूल कुणी घेत नव्हतं. मावशीने निरोप धाडला की थोरली धडधाकट आहे, ती दे. जी कुणी मागेल अशी एकच होती, म्हणून ती दिली. वसंतात परत आणायचं ठरलं होतं.

“मग का नाही आणलंस?”

आईचा हात थांबला. “आले होते न्यायला. तू अंगणात होतीस. मला बघून तू मावशीच्या स्कर्टमागे लपलीस, आणि तिला आई म्हणालीस. पुढच्या वर्षी पुन्हा आले, तेव्हा ती तुझे केस विंचरत होती, आणि तू तिला काहीतरी सांगत होतीस ते थांबेचना. मी दारातूनच वळले. माझी सख्खी बहीण, आणि मला वाटलं तिला विहिरीत ढकलावं. तिच्या मयतीलासुद्धा मी आले नाही, आठवतंय ना? लोक म्हणाले, बर्फ होता. बर्फ बिर्फ काही नव्हता.”

स्टेनवरला आठवत होतं. मावशीच्या शवपेटीशी ती एकटी उभी होती आणि आईवर मनातून जळफळत होती. आणि इथे पन्नास मैलांवर ही बाई मावशीवर जळत बसली होती.

“मला सांगायचं होतंस,” ती म्हणाली.

“तू दर उन्हाळ्यात वही घेऊन यायचीस. मला वाटायचं, तपासायला आली आहे. शब्द विचारायचीस, मला काही विचारत नव्हतीस.” मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “हात जरा वर धर. लोंबतेय.”

एवढ्यावर सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. स्टेनवर दोन दिवस राहिली, त्यांतला एक दिवस दोघी धड बोलल्या नाहीत. संध्याकाळी सोलरून गोठ्यातून येऊन आईच्या शेजारी बसली आणि आईने तिच्या डोक्यावरची गवताची काडी काढली, तेव्हा स्टेनवर नेहमीसारखीच उठून खिडकीशी गेली. पण निघताना आई बसथांब्यापर्यंत चालत आली, सत्त्याऐंशी वर्षांची, काठी टेकत. तिला पुसलेलं वाक्य पुन्हा म्हणायला जमलं नाही. स्टेनवरने मागितलंही नाही.

ईदुन महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलली. कोपराच्या नोंदीचा मसुदा झाल्यावर मात्र तिने तो आधी स्टेनवरच्या टेबलावर आणून ठेवला. ‘कोपराचं मूल’ या शब्दाखाली आईचं मांडीवरच्या मुलाचं वाक्य होतं, आणि वाक्य कुणाचं या रकान्यात जागा मोकळी सोडलेली. स्टेनवरने तिथे आईचं नाव लिहिलं. मग मसुद्यातल्या सात चुका काढल्या, त्यांतल्या दोन अगदीच बारीक होत्या, काढल्या नसत्या तरी चाललं असतं.

पुढच्या वर्षी वसंतात आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली. त्यासाठी ती रेक्याविकला आली आणि पाच आठवडे स्टेनवरच्या घरी राहिली. डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे तिला काम करता येईना, म्हणून ती बडबड करायची आणि भाजी मऊ शिजली नाही म्हणून टोचून बोलायची. ईदुन दर रविवारी भेटायला येई. ती आली की आईचा आवाज बदलायचा आणि दोघी खिडकीशी बसून खिदळायच्या. स्टेनवर स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटायची.

“काय आपटतेयस गं एवढं?” आई बाहेरून विचारायची.

“काही नाही,” स्टेनवर म्हणायची. मग हात पुसून बाहेर यायची, आणि दोघींच्या मधोमध खुर्ची ओढून बसायची.